गळ, गाळ आणि मुलांची शाळा
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



सुट्टी लागली की आपल्या कोकणातील मुले गळ घेऊन पऱ्याकडे पळतात. घरची माणसे ओरडतात, "अभ्यास सोडून मासे कसले धरतोस?" परंतु भूगोलाच्या पुस्तकातील बरेच धडे त्या पऱ्यावरच शिकता येतात. त्यासाठी वडीलधाऱ्याने सोबत जावे आणि मुलाला योग्य जागी योग्य प्रश्न विचारावा.

आमिषापासून सुरुवात

गळाला गांडूळ लागते. मुलाला एकदा उघड्या वरकस जमिनीत आणि एकदा आंब्याखालच्या पालापाचोळ्यात खणायला सांगावे. गांडुळे सावलीतल्या ओल्या मातीतच का मिळाली, हे त्यालाच ठरवू द्यावे. खणताना वरचा काळसर थर, खालची तांबडी माती आणि त्याखालचा जांभा हेही दाखवावे.

मासा कुठे बसतो?

नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाशी प्रवाहाला ओढ असते. तिथे काठ कापला जातो व डोह पडतो. आतल्या बाजूला पाणी मंदावते आणि वाळू साचते. हे पाहण्यासाठी दोराला हात-हात अंतरावर गाठी माराव्यात व टोकाला लोखंडी नट बांधावा. किती गाठी बुडाल्या यावरून खोली कळते. नटाच्या तळाला मेण लावले तर वाळू किंवा गाळ चिकटून वर येतो. हे मोजमाप पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, त्याच जागी करून वहीत लिहावे. डोह भरत चालला असल्यास वहीच सांगेल.

पात्रातील काळा गोटा म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. तो गुळगुळीत कसा झाला, हे मुलाला विचारावे.

खाडीकाठच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवणे सोपे आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सुमारे सहा वाजता, तर पौर्णिमेला अकराच्या पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण व अष्टमीच्या सुमारास भांग का, याचे उत्तर चंद्र-सूर्याच्या ओढीत आहे.

बाटलीतील शेत

आता महत्त्वाची गोष्ट. पहिल्या मोठ्या पावसानंतर काठावरून, धोका नसेल तिथे, गढूळ पाण्याची एक बाटली भरावी. दुसरी बाटली झाडी राखलेल्या डोंगरातून येणाऱ्या पऱ्याची भरावी. दोन्ही हलवून स्थिर ठेवाव्यात. वाळू लगेच बसते, बारीक गाळ काही तासांनी, तर चिकणमाती त्याहून बराच काळ तरंगत राहते. कोणत्या बाटलीत जाड थर बसला, हे मूल स्वतः पाहील आणि विचारील, "ही माती कुणाच्या शेतातली?" या प्रश्नाचे उत्तर आपणास द्यावे लागेल.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अतिवृष्टी झाली होतीच, परंतु वाशिष्ठीच्या पात्रातील गाळाचाही प्रश्न पुढे आला आणि नंतर तो गाळ काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. उतारावरची जमीन उघडी टाकली की माती खाली जाते, डोह बुजतात, मासे कमी होतात आणि पाणी पात्राबाहेर येते. ही साखळी गळ धरणाऱ्या मुलाला लवकर उमगते.

काही पथ्ये

१. पुराच्या पाण्याजवळ मुलांना जाऊ देऊ नये. डोहाशी मोठे माणूस सोबत असावे.
२. पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध भातखाचरांपर्यंत चढतात. हे चढणीचे मासे पोटात गाबोळी घेऊन येतात. मुलांना ते दाखवावेत, पण धरू नयेत.
३. विष किंवा सुरुंग लावून मासे मारण्याचा मार्ग मुलांसमोर तर नाहीच, त्यांच्यामागेही वापरू नये.
४. लहान मासे पाण्यात परत सोडावेत.

बंधू-भगिनींनो, समपातळीवर बांध का घालायचा, उतारावर गवत का राखायचे, हे आपण मेळाव्यात ऐकतो. बाटलीतला गाळ पाहिलेले मूल ते घरी येऊन आपल्यालाच सांगेल. येत्या पावसाळ्यात एवढा प्रयोग जरूर करावा.