समोरचं दिसतं, बाजूचं काय?

पिट्युटरी ग्रंथीची महती सांगण्यात वेळ घालवत नाही. प्रौढ वयात तिचे हार्मोन कमी पडले की माणूस थकतो, थंडी सोसत नाही, पापण्या सुजट दिसतात, भुवया विरळ होतात. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारा हार्मोन, तपासतात, चष्म्याचा नंबरही काढतात. टीएसएच नॉर्मल, नजर ६/६. झालं, 'टेन्शन घेऊ नका' म्हणून बोळवण! माझं भांडण या दोन नॉर्मल आकड्यांशी आहे. टीएसएच बनवते पिट्युटरीच. तीच दुबळी असेल तर थायरॉइड मंदावला तरी तो आकडा चढत नाही. म्हणून सोबत फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन, बघायचा. आणि भिंतीवरचा तक्ता? तो फक्त नजरेचा मध्यभाग मोजतो.

पिट्युटरीच्या जरा वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. ग्रंथीत गाठ वाढली तर एकीकडे हार्मोन आटतात, दुसरीकडे त्या छेदावर खालून दाब येतो आणि दोन्ही बाजूंची, बहुधा आधी वरच्या कोपऱ्यातली, नजर जाते. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात, तसंच. घोड्याला समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो, म्हणून त्याची तक्रार नसते. पण त्याची झापडं निदान टांगेवाल्याला ठाऊक असतात. इथे ती कुणालाच ठाऊक नसतात, आणि रोज थोडी थोडी पुढे सरकतात. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो नि घरचे म्हणतात, वेंधळा आहे! पुन्हा सांगतो, तक्त्याची शेवटची ओळ वाचता आली म्हणजे झापडं नाहीत, असं नव्हे.

कुणी म्हणेल, थकलेल्या प्रत्येकाचा एमआरआय काढायचा का? मुळीच नाही. डॉक्टरांनी समोर बसून, एकेक डोळा झाकायला लावून, लाल डोक्याची टाचणी बाजूने आत आणावी. बाहेरच्या अर्ध्या भागात लाल रंग फिका वाटला, तर पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या परिघाची तपासणी, करावी. याला खर्च काय? दोन मिनिटं. दुसरा आक्षेप रास्त आहे: प्रत्येक कमतरतेमागे गाठ नसते. डॉ. शीहान यांनी १९३७ साली वर्णिलेल्या आजारात बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाने ग्रंथी सुकते. दूध येत नाही, पाळी परतत नाही, पण बाजूची नजर सहसा शाबूत राहते. गाठ असेल तर मात्र नुसत्या हार्मोनची उणीव भरणाऱ्या गोळ्यांनी दाब हटत नाही. गोळ्यांचाही क्रम असतो, आधी कॉर्टिसॉलची उणीव भरायची, मग थायरॉक्सिन. उलट करायचं नाही. वेळ संपत आलाय, शेवटी एवढंच सांगतो. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं, पापणी खाली पडणं, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.