दूरवरून मेंदूवर पहारा



रात्रीचे दोन वाजलेत.
अमेरिकेतल्या एका घरात एक तंत्रज्ञ पडद्यासमोर बसलीय.
पडद्यावर रेघा सरकताहेत.
दूरच्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या मेंदूतल्या विजेच्या या लहरी.
हाच ईईजी.
माणसाचा पहिला ईईजी जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 साली घेतला.

पण रात्रभर पहारा कशाला?
कारण प्रत्येक झटक्यात, म्हणजे फिटमध्ये, हातपाय हलतातच असं नाही.
रुग्ण शांत पडलेला दिसतो,
आणि मेंदूत मात्र झटका चालू असतो.
पुन्हा सांगते,
रुग्ण शांत, पण मेंदूत झटका.
तो फक्त रेघांत दिसतो.

रेघाही फसवतात बरं का!
रुग्णानं नुसते दात घासले,
तरी झटक्यासारखी लय उमटते.
म्हणून शेजारी व्हिडिओ हवाच.
ब्रश दिसला, की जीव भांड्यात पडतो.

डोक्यावरची एखादी तार निसटली,
तर घरबसल्या ती कशी चिकटवणार?
नर्सला फोन करायचा.
खरा झटका वाटला,
तर ठरलेल्या डॉक्टरांना लगेच कळवायचं.
निदान डॉक्टरांचं, नजर तंत्रज्ञाची.
आणि सगळं वेळेसह नोंदवायचं.
अगदी तो ब्रशसुद्धा.