दिवस कधी सुरू होतो?

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला लागतो. पण शेजारच्या रायगडात, अलिबागकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली लोकांची रीत वेगळी. त्यांचा धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचा शनिवार शुक्रवारी दिवेलागणीलाच लागे आणि शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसल्या की संपे.

ही प्राचीन हिब्रू लोकांची मोजणी: आधी रात्र, मग दिवस. आपण रात्रीचे चार प्रहर धरतो, ते तीन धरत. म्हणजे दिवसाची सुरुवात विसाव्याने!

आपली तिन्हीसांज मात्र चुलीपाशी. शेतावरून आलो की दुसरी पाळी सुरू. बायांनो, आज दिवा लावून घटकाभर टेका. भात घरातलं दुसरं कुणी लावेल.