मातृशक्तीचे उत्तरायुष्य निरामय व्हावे



गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झाले आणि झाडीपट्टीच्या या भागाचे शेतीजीवन पालटले. अर्जुनी मोरगाव तालुक्यापासून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत कालव्याचे पाणी पोहोचले. पावसाळी धानाच्या जोडीला अनेक ठिकाणी उन्हाळी धान आले. या समृद्धीचे मोजमाप पोत्यांमध्ये होते. परंतु दुसऱ्या हंगामासोबत वर्षातून दुसरी रोवणीही आली आणि ती कोणाच्या कमरेवर आली, याचा हिशेब कोठेही मांडला गेलेला नाही. पऱ्हे खणणे आणि चिखलाने भरलेल्या बांधीत दिवसभर वाकून ती रोवणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम. त्यातच चैत्रातील मोहफुलांची वेचणी आणि वैशाखातील तेंदूपाने. तीस-पस्तीस वर्षे असे वाकलेली कंबर पन्नाशीत दुखू लागली, की घरात एकच उत्तर मिळते : "वय झाले, चालायचेच."

या उत्तराचा पुनर्विचार होणे अगत्याचे आहे.

वार्धक्य अटळ आहे, हे भारतीय शास्त्रकारांनी मान्य केले; परंतु त्यापुढे हात टेकले नाहीत. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायनतंत्र हे एक संपूर्ण अंग जरेच्या चिकित्सेसाठी राखून ठेवलेले आहे. चरकसंहितेत वयःस्थापन या नावाने दहा वनस्पतींचा गण सांगितला असून त्यात गुळवेल, हिरडा, आवळा, पुनर्नवा यांचा समावेश आहे. वय टिकवणे हा प्रयत्नाचा विषय आहे, ही दृष्टी त्यामागे आहे.

आधुनिक वैद्यक याच प्रश्नाकडे वेगळ्या भाषेत पाहते. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास होते. पाश्चात्त्य देशांत ती एकावन्नच्या आसपास होते. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज विशेष वेगाने होते. ही झीज दुखत नाही, दिसत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि तोवर साऱ्या घराचा भार वाहणारी स्त्री अंथरुणाला खिळते. तेव्हाच ती प्रथम लक्षात येते.

मौनाचे मोल

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दुखणे घरोघरी होते. ते उच्चारण्याची सोय नव्हती.

या मौनाची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात दिसली. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशय काढण्याची वेळ खरोखर येऊ शकते, परंतु प्रत्येक पांढऱ्या पाण्यावर किंवा अनियमित पाळीवर तो उपाय नव्हे. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती अकाली ओढवते आणि हाडांची झीज तितकी आधी सुरू होते. म्हणून अशा सल्ल्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास नसून विवेक आहे.

काही लक्षणे मात्र एक दिवसही लपवू नयेत. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तो थेंबभर असला तरी तपासणी हवीच. स्तनात गाठ लागणे, अंग बाहेर येणे, खोकताना लघवी सुटणे या गोष्टी लाजेच्या नाहीत. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम केल्याने शेवटच्या दोन तक्रारी प्रारंभीच्या अवस्थेत पुष्कळ आटोक्यात येतात.

स्वयंपाकघरातील औषध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. ज्या घरात धान पिकते, त्या घरातील गृहिणीचे रक्त कमी का असावे? सर्वांचे जेवण आटोपल्यावर भांड्यात उरेल ते खाण्याची रीत हे त्याचे एक मोठे कारण आहे. उरतो तो भात. वरण, भाजी, मासळी तोवर संपलेली असते. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती एकट्या भाताने भरून निघत नाहीत.

रजोनिवृत्त स्त्रीला दररोज १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० सालची शिफारस आहे. त्यासाठी महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, दूध-ताक हे आपल्या ओळखीचे पदार्थ आहेत. मासळी खाणाऱ्या घरांत तलावातील बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते, तीही कॅल्शियम देते. जेवणासोबत आवळा किंवा लिंबू असावे आणि चहा जेवणाला लागून नसावा, म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याने रक्त कमी आहे म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. आधी तपासणी करावी. आणखी एक कटू सत्य सांगणे भाग आहे. खर्रा आणि तंबाखूची मशेरी केवळ पुरुषांची राहिलेली नाही. तोंडाचा कर्करोग हा तिचा सर्वांत भयंकर परिणाम.

श्रम आणि व्यायाम

शेतात राबणाऱ्या स्त्रीला व्यायाम कशाला, असे विचारले जाते. रोवणीत शरीर एकाच दिशेने वाकते. पाठीचे, मांड्यांचे स्नायू तोलाने बळकट होत नाहीत. ताडासन, भुजंगासन, हाताचा आधार न घेता पाटावरून दहा वेळा उठणे-बसणे, एवढ्यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. गोठणगावजवळ १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिबेटी परंपरेत वृद्ध स्त्रिया माळ जपत प्रदक्षिणा घालतात. त्यात उपासना, चालणे आणि सोबत तिन्ही साधतात. आपल्याकडील देवळाची प्रदक्षिणा, प्रतापगडची महाशिवरात्रीची चढण, भजनी मंडळ यांचेही मर्म हेच आहे. गुडघे दुखतात म्हणून घरात बसलेल्या सासूबाईंना अंगणातले ऊन मिळत नाही, म्हणजे ड जीवनसत्त्व मिळत नाही. आणि बोलणारे माणूस मिळत नाही, म्हणजे मनही खंगते.

घराचे कर्तव्य

शासकीय व्यवस्था आज पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीनंतरच्या व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह, तसेच तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होते. सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे आयुष्मान वयवंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. परंतु केंद्रापर्यंत आईला घेऊन जाणारा मुलगा आणि "आत्याबाई, आज माझ्यासोबत चला" म्हणणारी सून शासन देऊ शकत नाही.

मातृदेवो भव हे वचन उच्चारणाऱ्या समाजाने त्याची परीक्षा भाषणात न करता ताटावर करावी. घरातील सर्वांनी एका वेळी जेवावे. न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा असावा. रोवणी आटोपली, की बैलजोडीला विसावा देणाऱ्या शेतकऱ्याने त्याच आठवड्यात घरातील पन्नाशीच्या स्त्रीची तपासणी करून आणावी. येत्या हंगामात या परिसरातील प्रत्येक घराने एवढे केले, तरी धरणाच्या पाण्याने आलेल्या समृद्धीत तिचा न्याय्य वाटा तिला मिळू लागेल.