सातांचा भागाकार



मजुरीच्या प्रश्नावर बोलणारा माणूस आज गणितावर बोलणार, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, पगाराच्या कागदांवर. आणि हा आकडा मला तिथेच भेटला.

एका यंत्रमाग कामगाराचा आठवड्याचा पगार हजार रुपये धरून रोज काढायचा होता. हजाराला सातांनी भागले. १४२ रुपये ८५ पैसे आले, पण बाकी उरली. मालकाचा कारकून म्हणाला, "पुढचे सोडा, ते कधी संपत नाही." सात दिवसांचे मिळून पाच पैसे गेले. त्यासाठी मी भांडलो नाही; पण का संपत नाही, हे त्याला सांगता येईना आणि मला झोप येईना. रात्री भागाकार पुढे नेला. तेच सहा अंक फिरून फिरून येऊ लागले: १४२८५७.

या आकड्याची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत हेच अंक, याच क्रमाने. आरंभ मात्र निराळा. सातपट केली की ९९९९९९!

कोणी याला चमत्कार म्हणेल. मी म्हणत नाही. सातांनी भागताना बाकी उरेल ती एक ते सहा यांतलीच. एकापासून निघालो की बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५, आणि पुन्हा १. आपल्या माणदेशात सामाईक विहिरीवर सहा घरांची पाण्याची पाळी असते ना, तसेच हे. आज कोणाच्याही घरापासून धरा, पाळीचा क्रम तोच. बाकी दोनपासून सुरुवात केली, की २८५७१४.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) अशाच आकड्यांत जन्मभर रमले. मोठी पदवी नाही, म्हणून त्यांच्या कामाला पुष्कळांनी पोरखेळ ठरवले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा नाव जगभर झाले. आपला आकडाही 'कापरेकर संख्या' आहे. त्याचा वर्ग २०४०८१२२४४९. तो मधे तोडा, २०४०८ आणि १२२४४९, आणि बेरीज करा: १४२८५७. ही बेरीज मी तीनदा केली. माझा आधी विश्वासच बसेना.

सगळेच भाजक असे सरळ नसतात. एकाला तेरांनी भागले तर ०७६९२३ फिरते; पण दोनाला भागले की १५३८४६, अंकच निराळे. तिथे बाक्यांच्या दोन पाळ्या आहेत, आणि एकीतले घर दुसरीत कधी येत नाही. सतरांत मात्र सोळाही बाक्या एकाच पाळीत येतात. घरी करून पाहा. कागद तेवढा रुंद घ्या.