उंबरठ्यावरची मांजरं



फोटोंविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवता काहीच येत नाही, सगळी भिस्त शब्दांवर. तरीही आज एका खास प्रकारच्या छायाचित्रांविषयी बोलायचं ठरवलं आहे. चीनमधल्या शहरांतल्या जुन्या वस्त्या, तिथल्या गल्ल्या, दुकानं, आणि त्यांत बिनधास्त वावरणारी मांजरं. गेल्या काही वर्षांत या मांजरांचे फोटो काढणाऱ्यांचं जणू एक घराणंच तयार झालं आहे. हे फोटो पाहताना आधी हसू येतं. मग हळूहळू लक्षात येतं, की आपण मांजराच्या निमित्ताने भलतंच काही पाहतो आहोत.

सुरुवात हाँगकाँगपासून करू. शेउंग वान आणि साय यिंग पुन या लागून असलेल्या वस्त्या आहेत. तिथे सुक्या मासळीची आणि सुक्या जिनसांची दुकानं ओळीने लागतात. आपल्याकडे सोडे आणि बोंबील विकणाऱ्यांची ओळ असावी तशी; फक्त माल वेगळा. वाळवलेले शिंपले, कोळंबी, माशांचे वाताशय, अळंबी, संत्र्याची जुनी मुरलेली साल. दुकानाला पुढची भिंत नाहीच, सगळं रस्त्याकडे उघडं. पोती, काचेच्या बरण्या, वजनकाटा, आणि कोळंबीच्या पोत्याला टेकून डोळे मिटून पडलेला एक लठ्ठ पिवळा बोका. एवढा खाऊ समोर असताना तो त्याला तोंड लावत नाही, याचं गिऱ्हाइकाला नवल वाटतं. मालकाला वाटत नाही.

मार्सेल हेइनेन या डच छायाचित्रकाराने अशाच दुकानांतली मांजरं टिपली. त्यांचं ‘हाँगकाँग शॉप कॅट्स’ हे पुस्तक २०१६ साली निघालं. त्यानंतर ते चीनच्या मुख्य भूमीवरच्या शहरांतही असेच फिरले. हाँगकाँगमधलं काम कुठल्या वेळी झालं ते पाहण्यासारखं आहे. साय यिंग पुनला भुयारी रेल्वेचं स्टेशन २०१५च्या मार्चमध्ये उघडलं. रेल्वे आली की भाडी वाढतात, कॉफीची दुकानं येतात, काचेचे दरवाजे लागतात. सुक्या मासळीचं दुकान आणि काचेचा दरवाजा यांचं जमत नाही. आणि काचेचा दरवाजा आला की मांजराचं ये-जा करणं संपलं.

दुकानात मांजर ठेवण्याचं कारण उघड आहे: उंदीर. जिथे धान्य, तिथे उंदीर आणि तिथेच मांजर, हा हिशेब चीनमध्ये फार जुना आहे. सोंग राजवटीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, घरात मांजर आणायचं तर रीतसर मोबदला द्यावा लागे. कुणाच्या घरचं पिल्लू असेल तर त्या घरी मीठ पोचवायचं. आई भटकी असेल तर तिच्यासाठी वाळुंजाच्या फांदीत ओवलेले मासे न्यायचे. ह्वांग थिंगच्येन आणि लू यौ या दोन मोठ्या कवींनी या रिवाजावर कविता लिहिल्या आहेत. मांजरासाठी करायच्या करारपत्रांचे नमुनेही जुन्या पंचांगवजा पुस्तकांत आढळतात. थोडक्यात, मांजर घरात यायचं ते नोकरीवर. पोत्याला टेकून झोपलेला तो पिवळा बोका त्या नोकरीचा आजचा वारसदार आहे.

पण एक गंमत पाहा. त्याची ही नोकरी फोटोत कधी दिसत नाही. उंदीर रात्री निघतात, दुकानाचं शटर खाली आल्यावर. फोटोवाला येतो दिवसा. तेव्हा हा नोकर एकतर झोपलेला असतो, नाहीतर गल्ल्यावर बसून आल्यागेल्याकडे बघत असतो. मग फोटोत येतं ते काय? ते समजून घ्यायला आपल्याला १९६२ सालात जावं लागेल.

१९६२च्या जुलैमध्ये चिनी नेते तंग श्याओफिंग यांनी शेतीच्या संकटावर बोलताना सिच्वान प्रांतातली एक म्हण वापरली. मांजर पिवळं असो की काळं, उंदीर पकडतं ते चांगलं, असा तिचा आशय. पुढे ही म्हण जगभर गाजली, तिच्यातलं पिवळं मांजर कुठेतरी पांढरं झालं. त्याच साली ऑगस्टमध्ये शांघायच्या एका साहित्यविषयक मासिकात फंग त्झखाय यांचा एक ललित लेख आला, ‘आमी’ नावाचा. आमी हे त्यांच्या मांजराचं नाव. फंग हे चीनचे लाडके व्यंगचित्रकार आणि निबंधकार; मुलं, गल्ल्या, मांजरं हे त्यांचे विषय. शांघायच्या एका गल्लीतल्या घरात ते राहत. डोक्यावर मांजराचं पिल्लू बसलं आहे आणि ते स्वतः शांत, असा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे.

फंग यांच्या लेखातलं मांजर उंदीर पकडण्यासाठी नाही. घरी पाहुणा येतो, बोलायला विषय नसतो, सगळे अवघडून बसलेले असतात. तेवढ्यात मांजर येतं, कुणाच्या तरी अंगावर चढतं आणि घर बोलू लागतं. मांजराचं हे दुसरं काम. तंग यांनी मांजर मोजलं उंदरांवर. फंग यांनी मोजलं माणसांवर. दोघांनाही ते महागात पडलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तंग यांच्या म्हणीवर टीकेची झोड उठली. फंग यांनी लेखात आपल्या एका आधीच्या मांजराला ‘मांजरकाका’ म्हटलं होतं. चिनी भाषेत मांजर आणि अध्यक्ष माओ यांच्या उच्चारात जेमतेम सुराचा फरक. म्हणजे हा अध्यक्षांचा अपमान, असा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. १९७५ साली फंग गेले. त्याच शांघायच्या गल्ल्यांत आज लोक हौसेने मांजरांचे फोटो काढत फिरतात.

आता पुन्हा दुकानात येऊ. कॅमेऱ्याला मांजराचं पहिलं काम दिसत नाही, हे आपण पाहिलं. दुसरं मात्र अगदी ठळक दिसतं. अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन दुकानासमोर उभा राहिला की मालकाच्या कपाळाला आठी पडते. हा कोण? पालिकेचा की घरमालकाने पाठवलेला? त्याने मांजराकडे बोट दाखवलं की ती आठी जाते. मग मालक स्वतःहून सांगायला लागतो: हिचं नाव मीमी, हिची आई पलीकडच्या औषधाच्या दुकानात होती, ही तराजूच्या पारड्यात झोपते. मांजराचं नाव मीमी असण्याची शक्यता तर फारच मोठी; तिकडे गल्लोगल्ली मीमी आहेत. मांजर हा तिथे प्रवेशाचा परवाना आहे. त्या परवान्यावर फोटोत काय काय शिरतं पाहा: मालकाचे हात, भिंतीवरचं कॅलेंडर, वर पंजा हलवणारी प्लास्टिकची सोनेरी मांजर, आणि खाली खरी.

अशी मांजरं कुठे भेटतात, त्याचा एक नकाशाच काढता येतो. जिथे घर आणि रस्ता यांच्या मधोमध काहीतरी आहे, तिथे. क्वांगचौमध्ये दुकानांपुढे छत असलेले लांबलचक सोपे असतात, वर बिऱ्हाडं आणि खाली पावसात न भिजता चालायची वाट. शांघायमध्ये जुन्या गल्ल्या एका कमानीतून आत शिरतात. आत बांबूंवर कपडे वाळत असतात, दारात भाजी निवडणं चाललेलं असतं. पेइचिंगच्या हुतोंगांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये, करड्या विटांच्या भिंती आणि करडी कौलं. त्या एकरंगी भिंतीवरून पिवळा बोका चालला की फोटोत रंग म्हणून तेवढा तोच. तिकडे गमतीने म्हणतात, दहा पिवळी मांजरं घेतली तर नऊ लठ्ठ निघतात. फोटो पाहता हे पटतं.

हौशी छायाचित्रकार श्रोते असतील, त्यांच्यासाठी थोडं तंत्र. पहिलं म्हणजे बसा. मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणा. दक्षिण चीनमधल्या दुकानांत भूमिदेवतेचं छोटं देवघर जमिनीलगत असतं, त्यात उदबत्त्या आणि संत्री. उभ्याने ते दिसतही नाही. बसलं की मांजर आणि देव एका रांगेत येतात. दुसरं, लांबून ओढून घेणारी लेन्स टाळा. तिने मांजर मोठं होतं, पण दुकान पुसलं जातं. पस्तीस मिलिमीटरची साधी लेन्स बरी. तिच्यात बरण्याही राहतात, माणसंही राहतात. तिसरं, फ्लॅश नको. मांजराच्या डोळ्यांच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे कंदिलासारखे पेटतात, आणि मांजर पळतं ते वेगळंच. काळं मांजर असेल तर आणखी एक काळजी. कॅमेऱ्याला ते अंधारच वाटतं, तो फोटो उगाच उजळ करतो आणि मांजर राखाडी होतं. उजेड स्वतःच्या हाताने थोडा कमी करा. वेळ निवडायची तर दुपारची, गिऱ्हाईक पांगल्यावरची.

दुकानांबाहेरची दुनिया थोडी वेगळी. चीनमधले बहुतेक शहरवासी आता उंच इमारतींच्या कुंपणबंद वसाहतींत राहतात. पाळलेलं मांजर विसाव्या मजल्यावरच्या खिडकीत, आणि भटकं मांजर खाली झुडपांत. या भटक्यांना खाऊ घालणारे रहिवासी असतात, थंडीत खोक्यांची घरं करून देणारे असतात, पकडून नसबंदी करून परत सोडणारे असतात. अशा मांजराच्या एका कानाचं टोक कापलेलं असतं. फोटोत ते टोक दिसलं, म्हणजे या मांजराची कुणीतरी काळजी घेतली आहे. पेइचिंग विद्यापीठात तर विद्यार्थ्यांचं मांजरमंडळच आहे, आवारातल्या मांजरांची नावांनिशी आणि फोटोंनिशी नोंद ठेवणारं. पेइचिंगच्याच राजवाडा संग्रहालयातही, म्हणजे जुन्या बादशाही महालात, दोनशेच्या आसपास मांजरं नांदतात, आणि त्यांचे फोटो काढायला पर्यटक तख्ताकडे पाठ करतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्राण्यांशी क्रूरपणे वागण्याला आळा घालणारा, सगळ्या देशाला लागू असा कायदा चीनमध्ये अजून नाही. शेन्झेन शहराने १ मे २०२०पासून कुत्र्यामांजरांच्या मांसावर बंदी घातली, पण ती त्या शहरापुरती. म्हणून जाणते छायाचित्रकार भटक्या मांजराचा फोटो प्रसिद्ध करताना पत्ता देत नाहीत, गल्लीचं नावही देत नाहीत. दुकानातल्या मांजराला मालक असतो. झुडपातल्या मांजराला फक्त लोकांची भलाई असते. ती कुठे संपेल सांगता येत नाही.

मग हे फोटो चांगले केव्हा ठरतात? माझी एक साधी कसोटी आहे, आणि ती आपल्या फोनमधल्या फोटोंनाही लागू पडते. फोटोतल्या मांजरावर अंगठा ठेवा. उरलेल्या भागात काही दिसतं का पाहा: कुणाचं दुकान, कसला माल, कोण माणूस, कुठलं वर्ष. काहीच उरलं नाही, तर तो फोटो गोड आहे आणि जगात गोड फोटोंची टंचाई नाही. पण अंगठ्याभोवती एक अख्खी गल्ली शिल्लक राहिली, तर समजा की मांजराने आपली नोकरी बजावली. त्याने आपल्याला एका घराच्या आत नेलं, त्या घराच्या माणसांनी ते होऊ दिलं, आणि दुकान उद्या राहो न राहो, ते आज कसं चालत होतं याचा पुरावा मागे ठेवला.