वळलं की घर्रर्र! गाडीचा आवाज नेमका येतोय कुठून?

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आजचा विषयच आवाजाचा आहे. गाडी सरळ चालली की गप्प, आणि जरा वळवली की घर्रर्र...

तर झालं असं. मागच्या गणपतीला आम्ही पुण्याहून गावी निघणार होतो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, आणि तिथून पुढे. गाडी सेकंड हँड हॅचबॅक, दहा वर्षांची. पुढे मी आणि बाबा, मागे आई, आजी आणि मखराचं सामान. निघायला चार दिवस उरले होते आणि ऑफिसमधून येताना पुलाच्या वळणावर आवाज यायला लागला. जात्यात वाळू घालून फिरवावं ना, तसा.

मी काय केलं? मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले आणि ठरवून टाकलं, ब्रेक पॅड गेलेत. गॅरेजमध्ये गेलो, म्हटलं, "दादा, पुढचे पॅड बदला." त्यांनी बदलले. २,४०० रुपये. बाहेर पडून पहिलं डावं वळण घेतलं आणि परत घर्रर्र! जाम चिडलो. पण खरं सांगायचं तर घोळ माझाच होता. गाडीला काय होतंय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. डॉक्टरकडे जाऊन थेट गोळीचं नाव सांगावं, तसं केलं होतं. परत गेल्यावर मात्र ते म्हणाले, "जाऊन या हो, एवढ्याने काही होत नाही." हे त्यांचं चुकलं.

मग मित्राने एका म्हाताऱ्या मेकॅनिकचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी पान्याला हातच लावला नाही. शेजारच्या सीटवर बसले, काच खाली केली, म्हणाले, "चल बेटा, चक्कर मार."

मोकळा रस्ता मिळाल्यावर म्हणाले, ४० चा वेग घे आणि क्लच दाब. दाबला. इंजिनचा आवाज उतरला, घरघर तशीच. म्हणजे ती चाकाच्या फिरण्याशी जोडलेली. मग म्हणाले, ब्रेकवर हलका पाय ठेव. काही फरक नाही. (इथेच माझे २,४०० वाचले असते, कारण पॅड-डिस्कचा आवाज असेल तर ब्रेक दाबल्यावर तो बहुतेक वेळा बदलतो.) मग त्याच वेगात थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. डावीकडे घेतली की घरघर वाढायची, उजवीकडे घेतली की जवळजवळ बंद.

"उजवं पुढचं बेअरिंग," चाचा म्हणाले.

मी म्हटलं, चाचा, आवाज डावीकडे वळताना येतो आणि दोष उजवीकडे कसा? तर म्हणाले, एसटीत बसतोस ना? डावं वळण आलं की सगळे कुठे कलंडतात? उजवीकडे! गाडीचं वजनही तसंच उजव्या चाकांवर जातं, आणि झिजलेलं बेअरिंग भार आला की ओरडतं.

हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, म्हणून त्यांनी खात्री केली. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला. (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नका, प्लीज.) एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. मलाही हात लावायला सांगितला. स्प्रिंगमध्ये खरखर चक्क बोटांना कळत होती! मग चाक वर-खाली धरून हलवलं, किंचित खेळ होता. ती झीज वाढत गेली तर चाक डगमगायला लागतं. हे चाक घेऊन मी आजीला घाटात नेणार होतो.

तुमच्या गाडीचा आवाज वेगळा असू शकतो, तर पटकन सांगतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून अॅक्सिलरेटर दिल्यावर कट-कट-कट येत असेल, तर संशय सीव्ही जॉइंटवर. चाकाच्या आतल्या बाजूला डोकवा, रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. पत्रा घासल्यासारखा बारीक आवाज असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. तो काढला की काम फुकटात! आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर करकर किंवा टक येत असेल, तर शॉकअपच्या वरचं माउंट बघायला सांगा.

आता दुरुस्ती. माझ्या गाडीत बेअरिंग नकलमध्ये घट्ट बसवलेलं असतं. ते हातोड्याने ठोकून बसवणारे लोक आहेत. ठोकलं की धक्का बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, आतल्या रिंगवर डाग पडतात आणि नवंकोरं बेअरिंग काही महिन्यांत परत घरघरतं. चाचांनी नकल उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर नेलं. एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगची एक बाजू चुंबकीय असते. ती सेन्सरकडेच हवी, उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. एक्सलचा नट नवा टाकला, टॉर्क पान्याने आवळला. मग व्हील अलाइनमेंट. सगळे मिळून ३,२०० रुपये. जुनं बेअरिंग हातात दिलं, आत गंजाचं पाणी. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी घातली होती ना मी, दोनदा!

आम्ही ठरल्या दिवशी निघालो. ताम्हिणीच्या प्रत्येक डाव्या वळणावर मी गाणी बंद करून कान देत होतो, आणि बाबा वैतागून म्हणत होते, "अरे लाव ना परत!"

तुमच्या गाडीत काही वाजत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फोन शेजारच्याच्या हातात द्या, काच खाली करा, आणि एवढं सांगा: वेग किती, वळण कुठलं, क्लच दाबल्यावर आणि ब्रेक लावल्यावर काय होतं. पार्टचं नाव नका सांगू.